पुढच्या दोन बाकांपलीकडे: छात्राध्यापकांना सगळ्यांचा वर्ग शिकवायला कसं तयार करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी, वेगवेगळ्या भाषा, धर्म, समाज आणि आर्थिक स्तरांतून आलेल्या मुलांना सामावून घेण्याविषयी परीक्षेत उत्तम लिहितात, चर्चेत छान बोलतात. सराव पाठाला उभे राहिले की मात्र पुढच्या दोन बाकांना शिकवून परत येतात. नव्यानेच त्यांचा मार्गदर्शक झालेल्या व्यक्तीने सगळ्या वर्गाला शिकवणं त्यांच्या अंगवळणी कसं पाडावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हा विषय वेगळा तास लावून शिकवण्याचा नाही. प्रश्न विचारणं, थांबणं, नाव घेणं, वही तपासणं, रागावणं, पालकांशी बोलणं अशा रोजच्या कामांत तो दडलेला असतो, तेव्हा शिकवायचाही तिथेच. छात्राध्यापकाचं मन आधी बदलेल आणि मग वर्गातलं वागणं बदलेल, अशी वाट पाहत बसलात तर अभ्यासक्रम संपून जाईल. आधी वागणं बदलायला लावा. मागच्या बाकावरची मुलं उत्तरं देऊ लागली की मनही बरंचसं मागोमाग येतं.

व्याख्यानाने हे का साधत नाही, याचं एक कारण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये नेमकं मांडलं. इतर बहुतेक व्यवसायांत माणूस जवळजवळ कोरा येतो. शिक्षक होणारा मात्र आधी विद्यार्थी म्हणून वर्षानुवर्षं वर्गात बसलेला असतो. शालेय शिक्षण संपेपर्यंत हे तास १३,००० च्या घरात जातात, असा लॉर्टींचा हिशेब होता. शिक्षक कुठे उभा राहतो, कुणाला विचारतो, कुणावर डाफरतो, हे सगळं तेवढ्या काळात नकळत मुरतं. पण ते एकाच बाजूने पाहिलेलं असतं, कारण शिक्षकाने तसं का केलं हे बाकावरून दिसत नाही. त्यातही शिक्षक व्हायला येणारे बहुतेक जण शाळेत ज्यांचं बरं चाललं होतं त्यांच्यातले असतात. शाळेने ज्यांना बाजूला टाकलं, ते आपल्या प्रशिक्षण वर्गापर्यंत फारसे पोहोचतच नाहीत. म्हणूनच "आमच्या शाळेत तर सगळं ठीक होतं" हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या बाकावरून सगळं ठीकच दिसत होतं.

त्यामुळे सुरुवातीला मी एक छोटं लेखन देते: तुमच्या वर्गातला कधीच न बोलणारा एक मुलगा किंवा मुलगी आठवा आणि शाळेतला एक तास त्यांच्या जागेवरून लिहा. अनेकांना चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. त्यावर मी भाष्य करत नाही, तुम्हीही करू नका. पुढच्या कामाला लागा.

पुढचं काम म्हणजे निरीक्षण. निरीक्षण पाठांच्या वह्या तुम्ही पाहिल्या असतीलच. "शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग घेतला", "फलक लेखन सुवाच्य होतं" अशी वाक्यं एकमेकांच्या वहीतून उतरून पानं भरतात. ती वही बाजूला ठेवा आणि बैठकीचा नकाशा काढायला लावा. प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. शिक्षकाने त्या मुलाला प्रश्न विचारला की चौकोनात उभी रेघ. मूल आपणहून बोललं की टिंब. उत्तर आल्यावर शिक्षकाने "कशावरून?", "अजून सांग", "तिचं म्हणणं तुला पटतं का?" असं काही पुढे विचारलं, तर त्या रेघेला आडवा छेद. नुसतं "बरोबर, बस" म्हणून पुढे गेले तर रेघ तशीच राहू द्यायची. मुलाला फळा पुसायला, वह्या गोळा करायला, दार लावायला सांगितलं तर कोपऱ्यात फुली. एवढंच. तास कसा झाला यावर मत द्यायचं नाही.

तास संपल्यावर नकाशे शेजारी शेजारी ठेवले की बोलण्यासारखं बरंच निघतं. पुढची आणि मधली रांग रेघांनी भरलेली, कडेच्या रांगा कोऱ्या, हे तर नेहमीचंच. मला जास्त काळजी वाटते ती बिनछेदाच्या रेघांची. काही मुलांना प्रश्न जातो, पण नेहमी एका शब्दाच्या उत्तराचा, आणि त्यांचा विचार पुढे कुणी खेचत नाही. काहींच्या चौकोनात फुल्याच फुल्या असतात. वर्गातली कामं सांगायला ती आठवतात, विचार विचारायला नाही. हे दिसल्यावरच वर्गशिक्षकांकडून विचारून घ्यायचं की त्या चौकोनांत कोण बसतं, घरी कोणती भाषा आहे, शाळेत कधी आलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी माहिती मिळाली तर निरीक्षक तीच शोधत बसतो.

नंतर हाच नकाशा छात्राध्यापकाच्या स्वतःच्या पाठाचा काढायचा, आणि तो काढायचा सहाध्यायाने. पाठानंतरचा आमचा संवाद साधारण असा होतो.

"काय दिसतंय?"

"मॅडम, खिडकीकडची रांग कोरी आहे. पण ती मुलं हातच वर करत नाहीत."

"हात वर न करणाऱ्या कुणालाच तुम्ही विचारलं नाहीत?"

ती नकाशाकडे पाहते. "दोघांना विचारलंय. पुढच्या."

"त्यांना का विचारलंत?"

"कारण... त्यांना येत असेल असं वाटलं."

इथे मी थांबते. "तुमचा पूर्वग्रह आहे" असं म्हणून टाकलं तर समोरचा माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो आणि पुढचे दोन पाठ घाबरून शिकवतो. कागदावरच्या रेघांशी मात्र भांडता येत नाही. पुढच्या पाठासाठी एकच ठरवायचं: खिडकीच्या रांगेतल्या तीन मुलांना प्रश्न, आणि त्यातल्या निदान एकाला पुढचा प्रश्न.

थांबणं हे दुसरं कौशल्य, आणि याबद्दल मी जरा हट्टी आहे. विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकाच्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी मागे राहणारी मुलं बोलू लागली. त्यातला बोचरा भाग असा की ज्यांच्याकडून शिक्षकांची अपेक्षा कमी, त्यांच्यासाठी थांबणंही कमी. ज्याला मनातल्या मनात भाषांतर करून उत्तर द्यायचंय, त्याला वेळ जास्त हवा आणि मिळतो कमी.

"मनात तीनपर्यंत मोजा" हे सांगून भागत नाही, कारण गोंधळलेला माणूस फार भराभर मोजतो. शरीराला काम द्या. प्रश्न विचारा, खडू खाली ठेवा, मागच्या भिंतीपर्यंत नजर फिरवा, मग नाव घ्या. नाव प्रश्नाच्या आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटला. उत्तर आल्यावरही तसंच थांबायचं, लगेच "छान!" म्हणायचं नाही. ही दुसरी शांतता नवख्यांना जास्त जड जाते, आणि माझ्या मते जास्त उपयोगी तीच आहे. दुसरं एखादं मूल बहुधा तेव्हाच तोंड उघडतं.

आता न बोलणाऱ्या मुलांविषयी. गप्प म्हणजे लाजाळू किंवा कच्चा, असं समीकरण छात्राध्यापकांच्या डोक्यात पक्कं असतं. मानववंशशास्त्रज्ञ सुझन फिलिप्स यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासी वसाहतीतली मुलं पाहिली. त्यांचं लेखन १९७२ मध्ये आलं. सगळ्यांसमोर एकट्याने उभं राहून उत्तर देताना ही मुलं गप्प होत. पण आपसांत गट करून काम करताना किंवा शिक्षकांशी एकेकटं बोलताना मोकळी असत. मुलांमध्ये काही कमी नव्हतं. एकट्याने सगळ्यांच्या नजरेसमोर शिकून दाखवण्याची रीत त्यांच्या घरी नव्हती.

भाषेच्या अभ्यासक शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या कॅरोलिना भागात याच दशकात केलेलं काम तर प्रत्येक मार्गदर्शकाला ठाऊक असावं. तिथल्या एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीतली मुलं शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत नव्हती. घरी त्यांना प्रश्न विचारले जात, पण ते खरे प्रश्न असत: हे कशासारखं दिसतं, काय झालं, तू काय केलंस. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे असा "याचा रंग कोणता?" छापाचा प्रश्न त्यांना विचित्र वाटे. शिक्षकांनी धड्यांची सुरुवात "इथे काय चाललंय?", "हे कशासारखं आहे?" अशा प्रश्नांनी करून पाहिली आणि मुलं बोलू लागली. शाळेतले नेहमीचे प्रश्नही त्यांना शिकवले गेलेच, कारण तेही लागतात. शाळेची रीत झाकून ठेवायची नाही आणि घरची रीत पुसायची नाही.

यावरून एक सराव. छात्राध्यापकाने आपल्या पाठ टाचणातले, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातले, सगळे प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवायचे. उत्तर स्वतःला आधीच माहीत असलेल्या प्रश्नांपुढे खूण करायची. बहुतेक कागद खुणांनी भरतो. मग त्यातले दोन प्रश्न असे बदलायचे की मुलाने काही नवं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. दोनच. सगळे बदलायला सांगितले तर पाठ कोसळतो.

टाचण वाचताना दुसरा प्रश्न विचारायला शिकवा: हे करायला मुलाकडे घरी काय असावं लागेल? "सुट्टीत मी कुठे गेलो", "माझी खोली", "आईवडिलांना विचारून वंशवृक्ष काढा", "इंटरनेटवरून माहिती मिळवा". नातेवाइकांकडे वाढणारं, दोन घरांत विभागलेलं, एका खोलीत सगळ्यांसोबत राहणारं मूल अशा कामापाशी अडतं आणि "गृहपाठ केला नाही" या यादीत जातं. लगेच सगळं रद्द करायचं, असं नाही. काम थोडं सैल करायचं. वंशवृक्षाऐवजी "ज्यांच्याकडून मी काही शिकलो अशी माणसं" काढायला दिली, तर भाषेचं उद्दिष्ट तेच राहतं आणि कुणाला आपलं घर उघडं करून दाखवावं लागत नाही.

गणितवाले इथे हमखास म्हणतात, "आमच्या विषयात संस्कृती कुठे आली?" त्यांच्यासमोर मी फळ्यावर ३,५ लिहिते. युरोपच्या मोठ्या भागात आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. तिथून आलेल्या मुलाने साडेतीन असं लिहिलं तर चूक द्याल? भागाकाराची मांडणीही देशोदेशी वेगळी असते. भाजक डावीकडे लिहायचा की उजवीकडे, वजाबाकीची पायरी लिहायची की मनात ठेवायची, यात फरक पडतो. योग्य प्रतिसाद असा: "तुझी रीत फळ्यावर दाखव, मग आपण इथली रीत तिच्याशेजारी लिहू." वर्गालाच कळतं की रीत वेगळी आणि गणित एकच. मूलही स्वतःला मठ्ठ समजायचं थांबतं.

भाषेबद्दल छात्राध्यापकांचा एक गैरसमज वेळीच काढायला हवा. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिलं की नव्या भाषेत गप्पा मारता येणं आणि त्या भाषेत अभ्यास करता येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वर्गमित्रांची बरोबरी करायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. मैदानावर घडाघडा बोलणारं मूल परीक्षेत कोरा कागद देतं तेव्हा शिक्षक म्हणतो, "भाषा येते की याला, आळशी आहे." सराव म्हणून पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद द्या आणि अवघड शब्द अधोरेखित करायला सांगा. सगळे पारिभाषिक शब्दांवर रेघा मारतात. ते शब्द तर आपण शिकवतोच. अडवतात ते बिनचेहऱ्याचे शब्द: अनुक्रमे, त्यानुसार, वगळता, प्रमाणात, परिणामी. "अनुक्रमे" कळला नाही म्हणून अख्खं गणित चुकतं, आणि शेरा येतो "संकल्पना स्पष्ट नाही".

वही तपासताना तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवा. संकल्पना चुकली असेल तर पुन्हा शिकवायची. लेखनाचा नियम माहीत नसेल तर तो सांगायचा. आणि मुलाने घरच्या बोलीतलं रूप लिहिलं असेल तर लाल फुली मारायची नाही, शेजारी प्रमाण रूप लिहून सांगायचं, "घरी आपण असं म्हणतो, उत्तरपत्रिकेत असं लिहितात." अवघड प्रश्नावर मुलांना आधी जोडीत, हव्या त्या भाषेत बोलू द्यायचं आणि मग वर्गाच्या भाषेत सांगायला लावायचं. काही छात्राध्यापकांना भीती वाटते की मुलं गप्पा मारतील. मारतील थोड्या. चालतं.

मुलांच्या घराविषयी कळावं कसं? ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात शिक्षण संशोधक लुइस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांकडे पाठवलं. १९९२ मध्ये त्यांनी त्याचा आढावा मांडला. शिक्षक तिथे शिकायला गेले होते, उपदेश करायला नव्हे. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार, यंत्रदुरुस्ती असं बरंच ज्ञान त्या घरांत होतं, आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता. छात्राध्यापकांना घरोघर पाठवणं प्रत्येक ठिकाणी शक्य नसतं, आणि बिनतयारीचं पाठवूही नये. पाहुणचाराचा भार आणि चौकशीचा वास दोन्ही त्या कुटुंबावर पडतो. त्याऐवजी पालक शाळेत येतात तेव्हा एक प्रश्न विचारायला सांगा: "तुमच्या मुलाला घरी काय चांगलं करता येतं?" पालक सहसा गडबडतात, कारण शाळेने बोलावलं म्हणजे तक्रार, अशी त्यांची समजूत असते. मग सांगू लागतात. त्या उत्तरातली एक गोष्ट पुढच्या महिन्याच्या टाचणात दिसली पाहिजे, एवढी अट घाला.

पालकांच्या भेटीविषयी एक व्यावसायिक पथ्यही इथेच सांगते. आईवडिलांना शाळेची भाषा येत नसेल तर मुलालाच दुभाषा करण्याचा मोह होतो. निरोप पोहोचवण्यापुरतं ठीक. मुलाची प्रगती, वर्तन, आजार, घरची अडचण असा विषय असेल तर दुसरा मोठा माणूस शोधायचा. स्वतःच्या तक्रारीचं भाषांतर कुणालाही करायला लावू नये.

इतकं सांगितल्यावर छात्राध्यापक उत्साहाने एक चूक हमखास करतात: यादी बनवतात. अमक्या समाजाची मुलं गटात चांगली शिकतात, तमक्यांना नजरेला नजर देणं आवडत नाही, वगैरे. फिलिप्स आणि हीथ यांचं काम सांगताना माझीही हीच धास्ती असते. एका वस्तीतल्या बारकाईच्या निरीक्षणाचा दुसऱ्या वर्गात नियम होत नाही. मुलाच्या आडनावावरून किंवा भाषेवरून त्याची शिकण्याची पद्धत ठरवणं हा जुनाच पूर्वग्रह आहे, फक्त शब्द नवे. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे एखाद्या मुलाला सगळ्या समाजाचा प्रवक्ता करणं: "तुमच्यात हे कसं करतात, सांग बरं वर्गाला." मुलाने आपणहून सांगितलं तर मन लावून ऐकायचं. बोट दाखवून विचारायचं नाही.

आणि पोशाख, झेंडे, पदार्थांचा एक दिवस साजरा करून विषय मिटवायचा नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये संस्कृतीशी नातं राखणाऱ्या अध्यापनाची मांडणी केली, ती आफ्रिकन-अमेरिकन मुलांना यशस्वीपणे शिकवणाऱ्या शिक्षकांचा अभ्यास करून. त्यात तीन गोष्टी होत्या: मुलांचा अभ्यास खरोखर पुढे जाणं, आपल्या संस्कृतीत पाय रोवून इतरांच्यात वावरता येणं, आणि समाजातल्या विषमतेकडे चिकित्सक नजरेने पाहता येणं. पहिलीच गोष्ट लोक विसरतात. भित्तिपत्रकं लागतात, वाचता न येणारं मूल तसंच वाचता न येता वरच्या वर्गात जातं. "बिचाऱ्याच्या घरची परिस्थिती अशी आहे" म्हणून सोपं काम देणारा प्रेमळ शिक्षक माझ्या लेखी वर्गाबाहेर काढणाऱ्या शिक्षकापेक्षा फार वेगळा नाही. आधार वाढवा, उदाहरणं वाढवा, वेळ वाढवा. अपेक्षा खाली आणू नका.

अवघड प्रसंगांची तालीम ही तुमच्या हातातली सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट आहे. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी सुरू केलं: पाच-दहा मिनिटांचा पाठ, एक कौशल्य, लगेच प्रतिसाद, लगेच पुन्हा पाठ. बऱ्याच ठिकाणी त्याचं आज कर्मकांड झालंय, प्रास्ताविक आणि फलक लेखन यांपलीकडे ते जात नाही. चौकट मात्र उत्तम आहे. तिच्यात असे प्रसंग घाला: हजेरी घेताना नाव चुकीचं उच्चारलं आणि वर्ग हसला, कुणी उत्तर दुसऱ्याच भाषेत दिलं, एक मुलगा दुसऱ्याविषयी म्हणाला, "त्यांच्या लोकांत असंच असतं." सहाध्यायी विद्यार्थी होतात, छात्राध्यापक उभा राहतो, प्रसंग एक मिनिटाचा.

शेवटच्या प्रसंगात पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे दोनपैकी एक करतात. ऐकलंच नाही असं दाखवून धडा पुढे नेतात, नाहीतर समतेवर भाषण देतात. दोन्ही वेळा ज्याच्याविषयी बोललं गेलं ते मूल सगळ्यांच्या नजरेत येतं. आम्ही घोटून घेतो ते असं: आवाज न चढवता "असं वाक्य या वर्गात कुणाबद्दलच चालत नाही", बोलणाऱ्याला "तासानंतर मला भेट", आणि लगेच कामाकडे. त्या क्षणी लक्ष्य झालेल्या मुलाकडे वळून पाहायचं नाही. त्याला नंतर, एकटं असताना, दोन वाक्यांत विचारायचं. बोलणाऱ्याशी खरं बोलणं तासानंतरच होतं, आणि तिथे घाई करायची नाही; ते वाक्य त्याने बहुधा कुणा मोठ्या माणसाकडून उचललेलं असतं. हे शब्द तीन-चारदा तोंडून गेले नसतील तर खऱ्या वर्गात सुचत नाहीत.

नावांसाठी मात्र तालीम पुरत नाही, तयारी लागते. पहिल्या पाठाआधी हजेरीपट मागून घ्यावा, जी नावं नवी वाटतात ती वर्गशिक्षकांकडून किंवा त्या मुलाकडूनच ऐकून आपल्या लिपीत लिहून ठेवावीत. सोपं म्हणून टोपणनाव द्यायचं नाही.

शिस्तीच्या बाबतीत संशोधक रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलेली गोष्ट मी दरवेळी सांगते. अमेरिकी शाळांतल्या शिस्तभंगाच्या नोंदींत गोऱ्या मुलांच्या नावापुढे धूम्रपान, मोडतोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी जास्त होत्या. कृष्णवर्णीय मुलांच्या नावापुढे अनादर, फार आवाज, धमकावणं अशा, म्हणजे पाहणाऱ्याच्या मतावर ठरणाऱ्या. म्हणून छात्राध्यापकाच्या नोंदीत "उद्धट", "बेशिस्त", "लक्ष नसतं" हे शब्द आले की कागद परत द्यायचा. "दोनदा बोलावूनही जागेवरून उठला नाही" असं लिहून आणायचं. एवढं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: का उठला नसेल? कधी हाक ऐकूच आलेली नसते, कधी सूचना कळलेली नसते, कधी खरोखरच उद्धटपणा असतो. तोही असतो; तसा असेल तर सगळ्यांना जे लागू तेच त्याला.

व्यावसायिकतेची बाकी पथ्यं थोडक्यात. मुलाच्या घरची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर सांगायची नाही. मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसवर टाकायचे नाहीत, पाठ कितीही रंगला तरी. मुलाला इजा होतेय, मारहाण होतेय असं दिसलं तर "त्यांची पद्धतच तशी" म्हणून गप्प बसायचं नाही. शाळेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांना त्याच दिवशी, लेखी कळवायचं. संस्कृतीचा मान राखणं आणि मुलाच्या जिवाकडे काणाडोळा करणं यांत गल्लत होता कामा नये.

सराव शाळेतली छात्राध्यापकाची जागा नाजूक असते, हे आपण मार्गदर्शक सोयीस्करपणे विसरतो. तो तिथे पाहुणा. त्याचे गुण तिथल्या शिक्षकाच्या हातात. तो शिक्षक म्हणाला, "त्या रांगेवर वेळ घालवू नका, त्यांच्याकडून काही व्हायचं नाही," तर नवख्याने काय करावं? भांडला तर पाठ बुडतील, मान डोलावली तर तेच शिकेल. मी त्यांना एक वाक्य देते: "सर, त्याच्या कालच्या वहीत हे उदाहरण बरोबर आहे, दाखवू का?" वाद मतांचा राहत नाही, वहीचा होतो. काही शिक्षक चिडतात, काही खरंच वही उघडून पाहतात. अपमान किंवा मारहाण असेल तर हे वाक्य पुरेसं नाही. ते ओझं तुमचं, विद्यार्थ्याचं नव्हे. तुम्ही मुख्याध्यापकांशी बोला, आणि आधीच सांगून ठेवा की बोलाल.

तुमच्या प्रशिक्षण वर्गातही अशी मुलं असतील जी स्वतः त्या कोऱ्या चौकोनांतून आली आहेत. त्यांच्याकडे दरवेळी "तुमचा अनुभव सांगा" म्हणून वळू नका. तेही इतरांसारखेच प्रश्न कौशल्य, फलक लेखन आणि विषयज्ञान शिकायला आलेले आहेत असं समजा. आणि स्वतःचाही नकाशा काढून घ्या; तुमच्या तासाला एखाद्या छात्राध्यापकाला मागे बसवून रेघा मारायला सांगा. त्यांना हा खेळ फार आवडतो.

मूल्यमापनाचं बघा. पाठ निरीक्षण तक्त्यात "सर्वसमावेशकता: ५ पैकी __" असा रकाना असेल तर सगळ्यांना चार मिळतात आणि कुणाला काही कळत नाही. तो रकाना काढून पुरावा मागा: दोन पाठांचे बैठकीचे नकाशे, पहिला आणि नंतरचा, बदललेले दोन प्रश्न आणि त्यांना मुलांनी दिलेली उत्तरं जशीच्या तशी, एका मुलाच्या वहीची तीन पानं, तीन वेगळ्या आठवड्यांतली, त्यावरच्या शेऱ्यांसह. तोंडी परीक्षेत एकच विचारा: "या मुलाच्या बाबतीत तुम्ही काय बदललंत आणि त्याचं काय झालं?" काही जण सांगतील की बदल केला पण फरक पडला नाही, आणि का पडला नसावा याचा त्यांनी विचार केलेला असेल. त्यांना मी चांगले गुण देते. ज्याला हे सांगताना मुलाचं नाव आठवत नाही, त्याला पुढच्या सत्रात आणखी सराव पाठ लावते.